रंगाची साक्ष

ज्याचे अर्धे आयुष्य न्यायालयाच्या आवारात गेले, त्याच्या मनात साक्षीदारांविषयी दोन परस्परविरुद्ध भावना एकाच वेळी नांदत असतात. साक्षीदारावाचून न्यायाचे पाऊल पुढे पडत नाही, म्हणून आदर; आणि साक्षीदाराला जसे डोळे असतात तसे नातेवाईक, शेजारी, सावकार आणि वैरीही असतात, म्हणून अविश्वास. ज्याला आप्त नाही, पोट नाही, भीती नाही आणि फितवणारी स्मृतीही नाही, असा साक्षीदार कोणी आणून दिला तर आमचा निम्मा धंदा बसेल आणि न्याय मात्र उभा राहील, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. पुढे असा साक्षीदार मला खरोखरच भेटला. तो प्रयोगशाळेतला एक रंग होता, आणि त्याच्या साक्षीवर मी एक प्रकरण जिंकलो. त्या प्रकरणाची हकीकत मी शेवटी सांगणार आहे. ती समजण्यासाठी हा साक्षीदार कोण, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

जीवरसायनाच्या प्रयोगशाळांतून काही रंग असे वापरले जातात की, त्यांना इलेक्ट्रॉन मिळाले म्हणजे त्यांचे एक रूप असते आणि ते इलेक्ट्रॉन कोणी काढून घेतले म्हणजे दुसरे. मिळण्याच्या क्रियेला क्षपण म्हणतात, गमावण्याच्या क्रियेला ऑक्सिडीकरण. शब्द अवजड आहेत, पण गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. नीळ रंगविणाऱ्या निराळी लोकांच्या पिंपातील आंबलेले पाणी निळे नसे. पिवळट हिरवे असे. त्यात बुडविलेले कापड बाहेर काढून हवेवर धरले की पाहता पाहता निळे होई. पिंपातील जंतूंनी निळीला इलेक्ट्रॉन दिलेले असत, हवेतील प्राणवायू ते परत घेई. त्या कारागिराला इलेक्ट्रॉन हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु कापड केव्हा बाहेर काढावे आणि किती वेळ वाऱ्यावर धरावे हे पक्के ठाऊक होते, आणि त्याच्या लुगड्यांचा रंग विटत नसे.

मला हा प्रकार प्रथम दिसला तो घरात. दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आला होता, विज्ञानशाखेचा विद्यार्थी. त्याने एका बाटलीत पाणी, थोडा कॉस्टिक सोडा, थोडे ग्लुकोज आणि मेथिलिन ब्लूचे दोनचार थेंब घालून बूच लावले. निळे पाणी थोड्या वेळात झऱ्याच्या पाण्यासारखे स्वच्छ झाले. "मामा, आता बाटली हलवा," तो म्हणाला. मी हलविली, पाणी पुन्हा निळे. खाली ठेवली, पुन्हा वर्णहीन. ग्लुकोज रंगाला इलेक्ट्रॉन देत होते, तेव्हा रंग जात होता. हलविल्याने हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळून ते इलेक्ट्रॉन घेत होता, तेव्हा रंग येत होता. हा खेळ आम्ही कितीतरी वेळा केला. शेवटी पाणी पिवळट पडले आणि खेळ संपला. माझी पत्नी म्हणाली, "तुमच्या अशिलांसारखीच आहे ही बाटली, हलविल्याशिवाय खरे रूप दाखवीत नाही." मी हसलो खरा, पण बाटलीचे खरे रूप कोणते, निळे की वर्णहीन, हा प्रश्न मला बराच वेळ सोडीना.

मेथिलिन ब्लू हा रंग १८७६ साली हाइन्रिख कारो याने जर्मनीत तयार केला तो कापडासाठी. पौल एर्लिख याने त्याने मज्जातंतू रंगविले आणि १८९१ मध्ये गुटमान याच्यासह हिवतापाच्या रोग्यांनाही तो देऊन पाहिला. पुढे स्वीडनमधील लुंड येथे थुनबर्ग याने एक विशेष परीक्षानळी योजली. तिच्यात ऊतकाचा अंश, एखादे अन्नद्रव्य आणि मेथिलिन ब्लू घालून आतली हवा काढून टाकावयाची, नळी उबेत ठेवावयाची आणि घड्याळ लावून बसावयाचे. रंग किती वेळात नाहीसा होतो, त्यावरून त्या ऊतकात अन्नद्रव्यातला हायड्रोजन सोडविणारी एंझाइमे किती तत्पर आहेत हे कळे. एवढ्याशा साधनाने जीवरसायनाच्या एका पिढीचे शिक्षण झाले.

आपल्या तत्त्वज्ञानात साक्षी या शब्दाला फार उंच आसन दिलेले आहे. मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरचे दोन पक्षी वाचकांना आठवतील. एक फळ खातो. दुसरा न खाता नुसता पाहतो. सांख्यांचा पुरुषही असाच. प्रकृतीचा सारा खेळ त्याच्यासमोर चालतो आणि तो त्यात बोटही घालीत नाही. वकिलाच्या मनातला आदर्श साक्षीदार या दुसऱ्या पक्ष्याच्या जातीचा असतो: वादाशी संबंध नाही, लाभ नाही, हानी नाही, केवळ दर्शन. प्रयोगशाळेतला रंग मात्र पहिल्या पक्ष्याच्या जातीचा आहे. घडणाऱ्या गोष्टीत हात घातल्यावाचून तिच्याविषयी तो एक अक्षर सांगू शकत नाही. ग्लुकोजने दिलेले इलेक्ट्रॉन त्याने स्वतः घेतले, म्हणून त्याला कळले. जो रंग अलिप्त राहिला असता तो निळाच राहिला असता, आणि आपल्याला त्याच्यापासून काहीच समजले नसते. न खाणाऱ्या पक्ष्याला फळाची चव विचारून काय उपयोग?

मला हा विचार प्रथम अस्वस्थ करून गेला. ज्याने भाग घेतला त्याची साक्ष आम्ही संशयाने घेतो. साथीदार गुन्हेगार माफीचा साक्षीदार झाला तर त्याच्या सांगण्याला दुसरीकडून दुजोरा शोधतो. परंतु पुढे लक्षात आले की, रंगाची अडचण ही नाही. तो भाग घेतो, बदलतो, आणि झालेला बदल कधी लपवीत नाही. त्याची अडचण अशी की, त्याला एकच वाक्य येते: मला इलेक्ट्रॉन मिळाले. कोणी दिले, कशासाठी दिले, दुसऱ्या कोणी दिले असते तर तो असाच बदलला असता की नाही, यांपैकी काहीही त्याला सांगता येत नाही. ते सारे आपण त्याच्या तोंडी घालतो.

पुराव्याच्या कायद्यात सूचक प्रश्न म्हणून एक प्रकार आहे. ज्या प्रश्नाच्या पोटातच हवे असलेले उत्तर बसलेले असते, तो सूचक प्रश्न. "त्या रात्री तुम्ही आरोपीला विहिरीपाशी पाहिलेत ना?" आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासणीत असा प्रश्न विचारला आणि विरुद्ध पक्षाने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीवाचून तो पुढे रेटता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसेच आहे. उलटतपासणीत मात्र तो चालतो. याचे कारण उघड आहे. मित्राने विचारलेल्या सूचक प्रश्नाला माणूस मान डोलावतो. शत्रूने विचारलेल्या प्रश्नाला तो सावध होतो. आता रंगाकडे पाहा. हा असा साक्षीदार आहे की, त्याला सूचक प्रश्नाखेरीज दुसरा प्रश्नच विचारता येत नाही. "होय" किंवा "नाही" एवढेच तो जाणतो. काय होय आणि काय नाही, हे नळी भरणाऱ्याने नळी भरतानाच ठरविलेले असते.

दुधाचे उदाहरण घ्या. दहा मिलिलिटर दुधात मेथिलिन ब्लूचे विरळ द्रावण एक मिलिलिटर घालून नळी ३७ अंश उष्णतेत ठेवतात. दुधातील जंतू वाढू लागले म्हणजे विरघळलेला प्राणवायू संपवितात, मग रंगाचे क्षपण होते आणि निळी छटा जाते. पाच तास किंवा अधिक टिकली तर दूध उत्तम. अर्ध्या तासाच्या आत गेली तर वाईट. ही परीक्षा स्वस्त, सोपी आणि एकंदरीत विश्वसनीय आहे. तिने पुष्कळ लेकरांच्या पोटात वाईट दूध जाऊ दिलेले नाही. परंतु म्हशीच्या कासदाहावर दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला असेल, तर जंतू दबतात, रंग निळाच राहतो, आणि जे दूध परत पाठवावयाचे तेच पहिल्या प्रतीचे म्हणून पुढे जाते. याच रंगाला याच दुधात अगदी निराळा प्रश्नही विचारता येतो. शार्डिंगर याने १९०२ मध्ये दाखविले की, फॉर्मॅल्डिहाइड घातले असता कच्च्या दुधातला मेथिलिन ब्लू काही मिनिटांत वर्णहीन होतो आणि उकळलेल्या दुधातला होत नाही. कारण ते काम करणारे दुधातले एंझाइम उकळीने नष्ट झालेले असते. म्हणजे एका नळीत रंग जाण्याचा अर्थ "दूध जंतूंनी भरलेले आहे" असा, तर शेजारच्या नळीत "दूध तापविलेले नाही" असा. दोन्ही नळ्या कोणी चिठ्ठी न लावता टेबलावर ठेवून दिल्या, तर रंगाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी कोणती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे हे सांगता येणार नाही.

दूध ही साधी गोष्ट झाली. प्राणी श्वास घेतो तेव्हा पेशीत नेमके काय घडते, या प्रश्नावर दोन थोर जर्मन शास्त्रज्ञांत जो वाद झाला त्यातही मुख्य साक्षीदार हाच रंग होता. हाइन्रिख वीलांटचे म्हणणे असे की, अन्नद्रव्यातला हायड्रोजन सुटण्यास सिद्ध होणे हेच श्वसनाचे मर्म. प्राणवायू केवळ तो झेलतो. पुरावा म्हणून तो मेथिलिन ब्लू उभा करी: प्राणवायू काढून टाका, त्याच्या जागी हा रंग ठेवा, तरी काम चालू राहते आणि रंग वर्णहीन होतो. ओटो वारबुर्गचे म्हणणे उलट. लोहयुक्त एंझाइमाने प्राणवायूला चेतविणे हेच खरे मर्म; सायनाइडने ते लोह बांधले गेले की श्वसन थांबते. आणि मेथिलिन ब्लू? तो तर पेशीच्या घरात बाहेरून आणलेला पाहुणा. त्याच्या वागण्यावरून घरच्यांची रीत कशी सिद्ध होणार?

एक वकील म्हणून मला वारबुर्गची ही हरकत फार आवडते. साक्षीदार खोटा आहे असे तो म्हणत नाही; ज्या प्रसंगी तो हजर नव्हता त्याविषयी त्याला विचारू नका, असे म्हणतो. पण गंमत अशी की, हरकत योग्य असूनही तो पुरता जिंकला नाही. सायनाइड दिलेले ऊतक प्राणवायू घेण्याचे थांबवी, तरी मेथिलिन ब्लूचा रंग जाण्याचे थांबत नसे. सेंट-ग्यॉर्गी याने १९२४ मध्ये दाखविले की, दोघांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी लागतात; आणि १९२५ मध्ये केंब्रिज येथे कीलिनने सायटोक्रोम हे पेशीतलेच रंगद्रव्य वर्णपटदर्शकातून पाहून प्रसिद्ध केले. अन्नाकडून प्राणवायूकडे इलेक्ट्रॉन हातोहात पोचविणाऱ्यांची एक रांग होती. मेथिलिन ब्लूने त्या रांगेत मध्येच हात पुढे करून माल घेतला होता, म्हणून शेवटचा माणूस सायनाइडने बांधलेला असूनही त्याला मिळत राहिला. वीलांटला तो म्हणाला, मला मिळाले. ते खरेच होते. शेवटच्या माणसाविषयी त्याला कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्याला ठाऊक नव्हते.

आज हा खेळ फार विस्तारला आहे. मोसमान याने १९८३ मध्ये वर्णन केलेल्या परीक्षेत एक पिवळा टेट्राझोलियम क्षार जिवंत पेशींना दिला जातो. पेशी त्याचे क्षपण करतात आणि जांभळे स्फटिक बनतात. जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत असे धरतात. एखादे नवे औषध कर्करोगाच्या पेशींना मारते की नाही, हे पाहण्यासाठी जगभर ही परीक्षा केली जाते. परंतु क जीवनसत्त्व पेशींच्या मदतीवाचून स्वतःच या पिवळ्याचे जांभळे करू शकते. जीव नसलेल्या पाण्यातून जीव आहे अशी साक्ष निघते! म्हणून जाणते संशोधक शेजारी एका खळग्यात पेशी न घालता बाकी सर्व काही घालून ठेवतात. तो पेशीविरहित खळगा ही या साक्षीदाराची उलटतपासणी. ती घेतली तर याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार नाही. न घेतली तर याच्याइतका धोक्याचाही नाही, कारण याच्या चेहऱ्यावर अडखळणे, घाम किंवा डोळे चुकविणे यांपैकी काहीच उमटत नाही.

धोक्याचा म्हणतो तो कोणासाठी? दूध नासले तर ओतून देता येते, शास्त्रज्ञांचा वाद पुढच्या पिढीत मिटतो. माणसाचे तसे नाही. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री ऑस्ट्रेलियातील उलुरू या खडकाच्या पायथ्याशी तंबू ठोकून उतरलेल्या चेंबरलेन कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. आई लिंडी ओरडली की, डिंगो, म्हणजे तिकडचा रानटी कुत्रा, बाळाला घेऊन गेला. पहिल्या चौकशीत ते मानले गेले. पुढे त्यांच्या मोटारीची तपासणी झाली. ऑर्थोटोलिडिन नावाच्या द्रव्याने, जे हायड्रोजन पेरॉक्साइड असता रक्ताच्या अंशाने ऑक्सिडीकृत होऊन निळसर होते, मोटारीत ठिकठिकाणी होकार दिला. त्यापुढे रक्तातील प्रथिने ओळखणारी परीक्षा होऊन ते तान्ह्या बाळाचे रक्त असल्याचे सांगण्यात आले. ऑक्टोबर १९८२ मध्ये डार्विन येथील ज्यूरीने लिंडीला खुनाबद्दल दोषी ठरविले, शिक्षा जन्मठेपेची. त्या वेळी ती गरोदर होती.

१९८६ च्या फेब्रुवारीत त्या खडकाजवळ बाळाचे हरवलेले जाकीट सापडले आणि लिंडीला सोडण्यात आले. नंतरच्या राजकीय आयोगापुढे काय दिसले? मोटारीत डॅशबोर्डखाली उडालेले जे रक्त म्हणून दाखविले गेले, तो कारखान्यातच मारलेला ध्वनिरोधक लेप होता. ऑर्थोटोलिडिन तांब्याच्या धुळीनेही रंग बदलते, आणि चेंबरलेन कुटुंब राहत होते ते माउंट आयझा हे गाव तांब्याच्या खाणींचे. ज्या पट्ट्यांवर पुढच्या परीक्षा झाल्या त्या खटल्यापूर्वीच नित्याप्रमाणे टाकून दिलेल्या होत्या. आरोपीच्या तज्ज्ञांना त्या पाहताही आल्या नाहीत. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाल्या. बाळाला डिंगोने नेले असा अधिकृत निर्णय जून २०१२ मध्ये आला. तेव्हा अझारिया जगली असती तर बत्तीस वर्षांची असती.

या प्रकरणात रंग खोटे बोलला काय? मुळीच नाही. कोणीतरी त्याचे इलेक्ट्रॉन घेतले, आणि त्याने तसे सांगितले. त्याला प्रश्न विचारला होता, "हे रक्त आहे ना?" त्याला ऐकू आला तो प्रश्न होता, "तुझे इलेक्ट्रॉन कोणी नेले काय?" दोहोंमधले अंतर ज्यांनी पार करावयाचे ते सारे शहाणे, शिकलेले आणि आपापल्या परीने सद्‌हेतूचे लोक होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये, शिवाजी साहेबराव बोबडे प्रकरणात, "असू शकेल" आणि "असलेच पाहिजे" यांतले अंतर मोठे आहे असे बजावले होते. निळसर रंग पहिल्या बाजूचा होता. त्याला दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवणारे हात माणसांचे होते.

इथे मला एक गोष्ट कायद्याच्या बाजूनेही मान्य केली पाहिजे. शपथेचा उपयोग एवढ्यासाठी की, खोटे बोलणाऱ्याला धरता यावे. रंगाला शपथ देता येत नाही आणि खोट्या साक्षीबद्दल त्याच्यावर खटलाही भरता येत नाही. मग त्याच्या वाट्याची शपथ कोणावर येते? माझ्या मते ती नळी भरणाऱ्यावर आणि प्रश्न लिहिणाऱ्यावर येते. पण आमची व्यवस्था अशी की, सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल फौजदारी खटल्यात त्याला पिंजऱ्यात न बोलाविताही पुराव्यात वाचता येतो. न्यायालय त्याला बोलावू शकते. बहुधा बोलावीत नाही. सोय म्हणून हे ठीक आहे. हजारो अहवालांमागे हजारो परीक्षक न्यायालयांच्या बाकांवर बसवून ठेवले तर प्रयोगशाळा ओस पडतील. तथापि या सोयीत असे होते की, मुका साक्षीदार आणि त्याचा दुभाषा असे दोघेही उलटतपासणीतून सुटतात, आणि फायलीत उरतो तो एक शब्द: "आढळले."

आता माझे प्रकरण. दहाबारा वर्षांपूर्वीचे, ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. आमच्या सीमाभागातल्या एका शेतकऱ्याने चार एकर सोयाबीन पेरले, आणि निम्मेही उगवले नाही. त्याने बियाणे विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार केली. मी विक्रेत्याचा वकील होतो. त्याच खेपेतली शिवण न उसवलेली एक पिशवी शिल्लक होती. ती परीक्षेला पाठवावी असे ठरले तेव्हा, निकाल लवकर लागावा म्हणून, टेट्राझोलियमची परीक्षा करावी असा अर्ज मीच दिला. जर्मनीतील होहेनहाइम येथे लाकोन याने १९४० च्या दशकात रूढ केलेली ही परीक्षा नामांकित आहे. बी ओले करून टेट्राझोलियमच्या वर्णहीन द्रावणात काही तास उबेत ठेवतात. जिथे जीव आहे तिथली एंझाइमे द्रव्याचे क्षपण करतात आणि अंकुर लाल होतो. जिथे जीव नाही तो भाग पांढरा राहतो. उगवण पाहण्यास आठवडा लागतो, ही परीक्षा एकदोन दिवसांत होते.

अहवाल आला: शंभरात ब्याऐंशी बिया जिवंत. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान उगवण लागते ती सत्तर टक्के. मी हे दोन आकडे एकाखाली एक मांडले. तज्ज्ञाला लेखी प्रश्न पाठविण्याची मुभा होती. मी तीन पाठविले. ही परीक्षा शास्त्रमान्य आहे काय? शंभरात किती बिया जिवंत आढळल्या? हे प्रमाण सत्तराहून अधिक आहे काय? तिन्हींची उत्तरे आली तशीच यावयाची होती. विरुद्ध पक्षाचा वकील तरुण होता. त्याने प्रश्न पाठविले नाहीत. तक्रार फेटाळली गेली.

जिवंत बी आणि जमिनीतून वर येणारे बी यांत फरक असू शकतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. सुनावणीच्या आदल्या रात्री मी बीजपरीक्षेवरचे एक पुस्तक चाळले होते. बी जिवंत असूनही निपचित असू शकते. जीव असतो पण जमीन फोडण्याचा जोम साठवणुकीत गेलेला असतो. कधी बुरशी त्याला अंकुरतानाच गाठते. लाल रंग या सर्वांना सारखाच चढू शकतो. ते पान मी वाचले आणि पुस्तक मिटले. खोटा शब्द मी एकही उच्चारला नाही. विरुद्ध पक्षाचे प्रकरण उभारून देणे हे वकिलाचे काम नव्हे, असे आमचे सहव्यवसायी म्हणतील, आणि ते उत्तर मला अजूनही चुकीचे वाटत नाही, अपुरे वाटते. कदाचित पावसाने ओढ दिली असेल, कदाचित पेरणी खोल झाली असेल, आणि बियाणे खरोखरच निर्दोष असेल. ते मला आजही ठाऊक नाही. कारण ते कळावे अशी व्यवस्थाच मी ठेवली नव्हती.

निकालाच्या दिवशी तो शेतकरी बाहेर कट्ट्यावर बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला. रागाने नव्हे, खरोखर समजून घ्यावयाचे असल्यासारखा त्याने विचारले, "वकीलसाहेब, बी जित्तं हुतं म्हणताय, मग उगवलं का न्हाई?" मी म्हणालो, निकालाची प्रत मिळेल, तुमच्या वकिलाला दाखवा.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा मी एका बीजपरीक्षा प्रयोगशाळेत जाऊन ती परीक्षा प्रथमच डोळ्यांनी पाहिली. तिथल्या बाईंनी काचेच्या ताटलीत सोयाबीनच्या बिया मांडून दाखविल्या. साल काढलेल्या, डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल, काहींवर पांढरे डाग. मी विचारले, "यांतल्या कोणत्या उगवल्या असत्या?"

"ते यावरून नाही सांगता येत, साहेब. त्यासाठी पलीकडच्या खोलीत वाळूत वेगळ्या बिया लावतो. आठव्या दिवशी मोजतो."

"दोन्ही परीक्षा करून देता?"

"मागितल्या तर. अर्जात जेवढे लिहिलेले असेल तेवढेच आम्ही करतो."

बोलता बोलता त्यांनी त्या लाल बिया डब्यात ओतल्या आणि ताटली धुवायला ठेवली.